शे इंजिनाची उजवी बाजू आधी बघा

गियरवर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांची जुनी मॉडेल्स विकत घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे 640 डॉलर गेले, तुमचे जाऊ नयेत.

मी व्हर्जिनियात राहतो. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा आले तेव्हा त्यांना शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात कॅसला नेलं होतं. लाकूडतोडीच्या जुन्या लाइनवर तिथे अजून 'शे' नावाची गियरवाली वाफेची इंजिनं प्रवाशांना डोंगरावर नेतात, काही ठिकाणी चढ 11 टक्क्यांपर्यंत. बाबा भुसावळच्या शेडमध्ये फिटर होते. गाडीत बसायच्या आधी ते बराच वेळ इंजिनाच्या उजव्या अंगाला उभे राहिले, कारण शेचं सगळं यंत्र उजवीकडेच असतं. उभे सिलिंडर, खाली लांबच लांब दांडा, त्यात युनिव्हर्सल जॉइंट (वाकूनही फिरणारे सांधे), आणि उजव्या बाजूच्या प्रत्येक चाकाला बाहेरून बेव्हल (शंकूसारखं तिरकं) गियर. या वजनाचा तोल राखायला बॉयलर मधोमध न ठेवता डावीकडे सरकवलेला. "आवाज एक्स्प्रेसचा आणि वेग सायकलचा," बाबा म्हणाले. मिशिगनच्या एफ्राइम शे यांनी 1881 मध्ये याचं पेटंट घेतलं, ओहायोतल्या लिमा कारखान्याने अशी सुमारे 2,770 इंजिनं बांधली. शेवटचं 1945 चं, तेही कॅसलाच आहे.

बाबांच्या पंचाहत्तरीला पितळी शे पाठवायचं मी ठरवलं. एचओ मापाचं, म्हणजे 1:87, जुन्या जपानी बनावटीचं, दोन बोग्यांचं, म्हणजे खाली चाकांचे दोन गाडे असलेलं. ऑनलाइन एक मिळालं. निळ्या पडद्यासमोर काढलेले चार फोटो, चारही डावीकडून. वीस सेकंदांचा व्हिडिओ, तोही डावीकडूनच. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, 'लिमात 1947 साली बांधलेल्या इंजिनाची प्रतिकृती'. ते साल चुकीचं आहे हे मला दिसलं होतं. टायपिंगची चूक असेल म्हणून सोडून दिलं. वर विक्रेत्याने गळ घातली की पैसे 'मित्र-नातेवाईक' पर्यायाने पाठवा, कमिशन वाचेल. मी पाठवले.

खोकं आलं त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बोटाने चाक फिरवून दाखवत होतो, तर तिकडून आवाज आला, "अरे, चाक फिरतंय मग दांडा का फिरत नाही?"

खऱ्या शेमध्ये असं होऊच शकत नाही, दोन्ही गियरने जखडलेले असतात. भिंग लावून पाहिलं. दांड्यावरचे चारही छोटे गियर काढून घेतलेले. दांडा पिवळ्या पडलेल्या गोंदाने चिकटवलेला. आत मोटरच्या जागी शिशाचा तुकडा. मग व्हिडिओ हळू करून पाहिला: डब्यांचे कपलर (जोडणारे आकडे) ताणलेले नव्हते, एकमेकांवर दाबलेले होते. इंजिन डबे ओढत नव्हतं, मागून दुसरं कुठलं तरी इंजिन सगळ्यांना ढकलत होतं.

विक्रेत्याने 'आहे तसं विकलं होतं' एवढं लिहून मला ब्लॉक केलं. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं, या पर्यायाला संरक्षण नाही.

शे घेत असाल तर उजव्या बाजूचा, अगदी सावकाश चालणारा व्हिडिओ मागा. चाकं आणि दांडा एकाच वेळी फिरताना दिसले पाहिजेत. इंजिनाला एकही डबा जोडलेला नको. हाइस्लर आणि क्लायमॅक्स या गियरवाल्या इतर इंजिनांमध्ये दांडा पोटाखाली मधोमध असतो, म्हणून इंजिन उलटं करून काढलेला फोटो मागा. हाइस्लरच्या बोगीत गियर एकाच आसाला असतो, दुसरा बाहेरच्या जोडदांड्याने फिरतो. तिथे एकच गियर दिसला तर घाबरू नका. आणि पैसे फक्त खरेदीच्या पर्यायानेच पाठवा, कमिशन गेलं तरी चालेल.

परवा तेच चार फोटो, तोच निळा पडदा, दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसले. किंमत 590 डॉलर. इंजिन मात्र माझ्या टेबलावर आहे.