विटा-रेतीचा शीतकक्ष: हिंगणघाटच्या उन्हात वापरून पाहिलेला

घरात चार-पाच माणसं, अंगणात दिवसभर सावली राहील अशी जागा आणि मे महिन्यात पाण्याची सोय, एवढं असेल तर विजेशिवाय भाजी गार ठेवणारा हा शीतकक्ष बांधाच. पाणी टँकरचं असेल तर या भानगडीत पडू नका. आणि फ्रीजऐवजी म्हणून तर मुळीच बांधू नका, कारण यात दूध टिकत नाही, उरलेलं वरण-भात टिकत नाही. हा फक्त भाजी-फळांसाठी आहे, पण त्या एका कामात पक्का आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, आठवडी बाजार बंद झाले, लग्नंही थांबली. लग्नसराई डोळ्यांपुढे ठेवून लावलेली वांगी, टमाटर, पत्ताकोबी शेतातच उभी. मग शेतकऱ्यांनी गावातच भाजीच्या पाट्या वाटल्या. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट सुरू झालं, त्यामुळे भाकरी-भाताची चिंता बऱ्याच घरांत मिटली. भाजीचं मात्र विचित्र झालं होतं. मिळाली तर एकदम पाटीभर, नाही तर आठवडाभर काहीच नाही. सर्वेक्षणाला घरोघर फिरताना उकिरडे नजरेस पडायचे. आमच्याकडे ताटातलं उरलेलं सहसा फेकत नाहीत, गाईच्या टोपल्यात जातं. उकिरड्यावर दिसायचं ते शिजायच्या आधीच गेलेलं. पिवळी पडलेली मेथी एक वेळ बकरी खाते, पण पाणी सुटलेल्या टमाटरला तीही तोंड लावत नाही. ज्या घरी पोरांना दोन दिवसांआड भाजी मिळते, त्याच घराच्या मागे ढीग सडलेला बघून जीव तुटायचा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ च्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५० किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिला. आमच्या गावातल्या त्या ५० किलोंत उन्हाने मारलेली भाजी किती असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

या शीतकक्षाचा नकाशा बचत गटाच्या प्रशिक्षणात मिळाला होता. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात तो तयार झाला, नाव ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीला पुन्हा लॉकडाऊन लागलं, तेव्हा घरी सगळ्यांनी ठरवलं, यंदाचा उन्हाळा तसा काढायचा नाही. पडक्या गोठ्याच्या विटा होत्याच. खर्च झाला तो रेतीचा आणि गवंड्याच्या मजुरीचा, तोही पंधराशेच्या आत.

रचना सोपी आहे. खाली विटांचा एक थर, त्यावर चारी बाजूंनी दुहेरी भिंत, उंची सव्वादोन फूट. दोन भिंतींच्या मधे तीन इंचांची फट, तिच्यात नदीची रेती. वर बांबूचा तट्टा आणि ओलं बारदान. रेती आणि विटा सकाळ-संध्याकाळ भिजवायच्या. पाणी उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, माठ गार होतो तसंच. बाहेरची हवा जितकी कोरडी तितकं आत गार, म्हणून आपल्याकडचा एप्रिल-मे याच्यासाठी एकदम बरोबर. गवंडी सिमेंट लावायचं म्हणत होता. लावू देऊ नका, पाणी झिरपलं पाहिजे. आमच्या विटा चिखलातच बसवल्या आहेत.

आता प्रत्यक्षात काय टिकतं ते सांगते. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बाहेर ठेवली तर दुपारपर्यंत मान टाकते. आत मुळासकट, न धुता, उभी ठेवली की तिसऱ्या दिवशीही पानं ताठ, आणि देठ मोडला तर कट्‌ असा आवाज येतो. पालकाचंही तसंच. ढेमसं, काकडी, गवारीच्या शेंगा आठवडाभर सुरकुतत नाहीत. टमाटर थोडे कच्चे, गुलाबी असताना ठेवले तर दोन आठवडे सहज जातात. लिंबं तर महिना होत आला तरी रसरशीत. टमाटर आणि पिकलेली केळी पालेभाजीजवळ ठेवू नका, पाला लवकर पिवळा पडतो. आम्ही दोन वेगळ्या प्लास्टिकच्या क्रेट केल्या आहेत. कांदा-लसूण चुकूनही आत नको, त्या ओलीत कोंब फुटतात. सासूबाईंचा आधी विश्वास नव्हता. एका दुपारी त्यांनी स्वतःच काकडी काढून चिरली आणि म्हणाल्या, “हे तं फ्रीजपरीस बरं हाय व माय, लाइन गेली तरी चालते.” उन्हाळ्यात लाइन किती वेळ जाते हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

दोष आहेत आणि ते लहान नाहीत. दिवसाला चार-पाच घागरी पाणी लागतं. आम्ही भाजी धुतलेलं पाणी त्यातच वापरतो. तांदूळ धुतलेलं किंवा साबणाचं चालत नाही, वास मारतो. एक दिवस पाणी चुकलं तर दुसऱ्या दिवशी भाजी मलूल. दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथे, नणंदेने बांधला आहे. तिथे विटांवर खाराचा पांढरा थर धरतो आणि गारवा कमी होत जातो, घासत राहावं लागतं. पावसाळ्यात हवाच ओली असते, मग याचा काही उपयोग नाही. आमच्याकडे जुलैपासून दिवाळीपर्यंत तो रिकामाच असतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विंचू. गार, ओल्या विटा त्याला फार आवडतात. तट्टा उचलला की बॅटरी मारल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि लहान पोरांना तिकडे फिरकूच द्यायचं नाही. खालच्या बाजूने उंदीर शिरू नये म्हणून क्रेटवर जाळी बांधा.

महामारीत याची किंमत कळली, पण बाजार सुरू झाल्यावरही आम्ही तो मोडला नाही. आजही सोमवार ते सोमवार भाजी एकदाच आणली तरी चालते आणि उकिरड्यावर फक्त सालं नि देठं जातात. आमचं बघून आळीत आणखी दोघींनी बांधला आहे. तुम्हाला बांधायचा असेल तर होळीच्या आधी बांधा. विटा आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, आणि भाजी ठेवण्याआधी दोन-तीन दिवस रेती नुसतीच भिजवत राहा, म्हणजे पहिल्या दिवसापासून गारवा धरेल.