ट्रेड मशीन: हिशोब चोख, पण फॉक्सचा सौदा योग्य होता का हे त्याला विचारू नका

नागपाड्याचं बास्केटबॉल कोर्ट असो की माटुंग्याचं, अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये टीम आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात त्या सौद्यांवर (ट्रेडवर) वाद पेटला की कोणीतरी मोबाईल पुढे करतं. ‘हे बघ, मशीनमध्ये बसतंय!’ मग समोरचा गप्प होतो. खरं तर त्याने गप्प व्हायचं काहीच कारण नसतं. ट्रेड मशीन उत्तम आहे आणि एनबीए गंभीरपणे पाहणाऱ्या प्रत्येकाने ते वापरायला शिकावं. पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं हे आधी नीट कळायला हवं.

ही वेबसाइटवरची फुकट सोय आहे. ईएसपीएनचं मशीन बहुतेकांना माहीत असतं, फॅनस्पोचंही बरेच जण वापरतात. दोन किंवा अधिक टीम निवडायच्या, खेळाडूंवर टिचकी मारून कोण कुठे जाणार ते ठरवायचं आणि बटण दाबायचं. सौदा लीगच्या पगाराच्या नियमांत बसतो की नाही, हे लगेच कळतं: बसला तर हिरवी खूण, नाहीतर लाल. आकडे मिलियनमध्ये असतात, त्यामुळे सवय होईपर्यंत मनात दहा लाखांनी गुणत राहा. ३४.८ मिलियन म्हणजे ३ कोटी ४८ लाख डॉलर.

मशीनची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतील असं उदाहरण मुंबईकरांना जवळचं आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, सॅक्रॅमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले. त्यांच्या टीमचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) होता डिॲरन फॉक्स. याच फॉक्सला फेब्रुवारी २०२५ मध्ये किंग्जनी सॅन अँटोनियो स्पर्सकडे पाठवलं. तो नाराज होता हे तोवर जगजाहीर झालं होतं. करार वाढवायला त्याने आदल्या उन्हाळ्यात नकार दिला होता. डिसेंबरअखेर, टीम १३-१८ वर (१३ विजय, १८ पराभव) असताना, प्रशिक्षक माइक ब्राउन यांना काढण्यात आलं आणि त्यानंतर महिनाभरात फॉक्सला सॅन अँटोनियोला जायचं आहे अशा बातम्या आल्या.

हा सौदा आता मशीनमध्ये टाकून बघता येत नाही. तिथे आजच्या टीम आणि आजचे पगार असतात, जुनी तारीख निवडायची सोय नसते. ही या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव. झालेल्या सौद्यावर बोलायचं तर कागद-पेनच काढावं लागतं. एका अर्थी ते बरंच आहे, कारण मशीन आत नेमकं काय करतं ते हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

सौदा तीन टीमचा होता, तर कागदावर तीन रकाने आखा. किंग्जनी दिले फॉक्स (३.४८ कोटी डॉलर), केव्हिन ह्यूर्टर (१.६८ कोटी) आणि किमान वेतनावरचा जॉर्डन मॅकलॉफलिन. त्यांना मिळाले शिकागो बुल्सचा झॅक लव्हीन (४.३० कोटी) आणि स्पर्सचा सिडी सिसोको (सुमारे १९ लाख). स्पर्सकडून शिकागोला गेले झॅक कॉलिन्स (१.६७ कोटी) आणि ट्रे जोन्स (९१ लाख). ह्यूर्टरही शिकागोलाच गेला. फॉक्स आणि मॅकलॉफलिन स्पर्सकडे.

आता प्रत्येक टीमसाठी ‘गेले किती, आले किती’ हे वेगळं मोजायचं, कारण येणारा पगार जाणाऱ्यापेक्षा फार जास्त चालत नाही. किंग्जचे साधारण ५.३८ कोटी गेले आणि ४.४९ कोटी आले. येणारा पगार कमी, म्हणजे तिथे प्रश्नच नाही. बुल्सचे ४.३० कोटी गेले आणि ४.२७ कोटी आले, तेही ठीक. कस लागतो तो स्पर्सच्या रकान्यात. त्यांचे गेले २.७७ कोटी, आणि एकटा फॉक्सच ३.४८ कोटींचा! हे कसं बसलं? त्या मोसमात पहिल्या ॲप्रनच्या (टीमच्या एकूण पगारावर लीगने आखलेल्या दोन रेषांपैकी पहिलीच्या) खाली असलेल्या टीमला या पट्ट्यातल्या पगारावर सुमारे ७७ लाख डॉलर जास्त घेण्याची मुभा होती. २.७७ अधिक ०.७७ म्हणजे ३.५४ कोटी. फॉक्स आत येतो आणि वर जेमतेम सहा लाख उरतात. मॅकलॉफलिन त्यात मावत नाही, पण किमान वेतनाच्या छोट्या करारावरच्या खेळाडूसाठी वेगळी सवलत असते.

सिसोकोसारखा फारसा न खेळणारा तरुण सौद्यात का असतो, याचंही उत्तर इथे मिळतं. त्याचे १९ लाख काढले तर स्पर्सची मर्यादा ३.३५ कोटींवर येते आणि फॉक्स बाहेर राहतो. मशीनमध्ये स्वतःचा सौदा रचताना लाल खूण आली की आधी अशाच एखाद्या छोट्या पगाराच्या शोधात जा. मोठी नावं हलवत बसू नका.

लाल खूण येण्याची दुसरी नेहमीची कारणं म्हणजे ॲप्रन. पहिल्या ॲप्रनच्या वर गेलेल्या टीमला पाठवलेल्या पगारापेक्षा जास्त पगार घेता येत नाही. दुसऱ्याच्या वर गेलेल्या टीमला तर दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र जोडून एक मोठा खेळाडूही आणता येत नाही. २०२४-२५ मध्ये या दोन रेषा होत्या सुमारे १७.८ कोटी आणि १८.९ कोटी डॉलरवर. त्या दरवर्षी सरकतात.

हिरवी खूण आली तरी काही गोष्टी हाताने तपासाव्यात. उन्हाळ्यात नव्याने करार केलेल्या बहुतेक खेळाडूंना १५ डिसेंबरपर्यंत हलवता येत नाही, काहींना १५ जानेवारीपर्यंत. काहींच्या करारात ट्रेड बोनस असतो. तो उरलेल्या पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि घेणाऱ्या टीमच्या खात्यात चढतो, म्हणून काठावर बसलेला सौदा त्याने कोसळू शकतो. जागांचंही बघा. टीममध्ये नेहमीच्या कराराचे १५ खेळाडूच ठेवता येतात. वरच्या सौद्यात बुल्सनी एक देऊन तीन घेतले, म्हणजे दोन जागा आधी मोकळ्या हव्यात.

इथवर मशीनला पैकीच्या पैकी गुण. खरं घोडं पेंड खातं ते ‘पिक’पाशी, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायच्या हक्कापाशी.

किंग्जना ‘पहिल्या फेरीचे तीन पिक’ मिळाले, असं सगळीकडे छापून आलं. खेळाडूंच्या नावांवर टिचक्या मारून झाल्यावर पिक हे आपल्याला एका ओळीएवढे वाटतात. पण त्या प्रत्येक ओळीमागे अट असते. तिघांपैकी एक होता शार्लटचा २०२५ चा. तो पहिल्या १४ च्या बाहेर गेला तरच मिळणार, नाहीतर त्याऐवजी दुसऱ्या फेरीचे दोन. सौदा झाला त्या दिवशी शार्लट तळाशी लोळत होती, आणि तळाच्या टीमचे पिक वरच्या क्रमांकाचे असतात. मोसम संपला १९-६३ वर. म्हणजे तो पिक पहिल्या दिवसापासून दुसऱ्या फेरीचाच होता, ‘तीन’ हा आकडा फक्त बातमीपुरता. उरले दोन, स्पर्सचा २०२७ चा आणि मिनेसोटाचा २०३१ चा. दुसरा खरंच मोलाचा. सात वर्षांपुढचे पिक देता येत नाहीत, म्हणजे तेव्हा देता येण्याजोगा हा सगळ्यात लांबचा ड्राफ्ट, आणि इतक्या पुढे मिनेसोटा कशी असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या ड्राफ्टमध्ये उतरणारी मुलं सौद्याच्या वेळी शाळेत होती.

याच सौद्यात सगळ्यात कमी चर्चा झाली ती शिकागोला परत मिळालेल्या त्यांच्याच २०२५ च्या पिकाची. तो स्पर्सकडे होता, पहिल्या दहांत आला तरच शिकागोकडे राहणार होता. पुढे तो १२ वा आला. म्हणजे सौदा केला नसता तर बुल्सच्या हातून गेलाच असता. पिक टाकताना अट काय आहे, ती पूर्ण झाली नाही तर बदल्यात काय, आणि ती टीम आज कितव्या स्थानावर आहे, या तीन गोष्टी शेजारी लिहिल्याशिवाय त्याची किंमत लावू नका.

आता मूळ प्रश्न. किंग्जनी नाराज फॉक्सला दिलं ते योग्य केलं का? मशीनकडे यासाठी रकानाच नाही. नाराज ताऱ्याची किंमत पगारावर ठरत नाही. ती ठरते करार किती उरलाय आणि त्याला कुठे जायचंय यावर. फॉक्सचा करार २०२६ च्या उन्हाळ्यापर्यंत होता, म्हणजे दीड मोसम. घेणाऱ्याला तो दोनदा प्लेऑफसाठी मिळणार होता. किंग्जनी अजून पाच-सहा महिने थांबून उन्हाळ्यात बाजार मांडला असता तर उरलं असतं एक वर्ष, आणि दुसरीकडे जाणारच अशा खेळाडूसाठी एका वर्षाचं कोण किती देणार?

तुलनेला डेमियन लिलार्ड घ्या. १ जुलै २०२३ ला त्याने पोर्टलँडकडे सुटका मागितली, तीही फक्त मायामीसाठी. पोर्टलँड सप्टेंबरच्या शेवटापर्यंत ढिम्म हलली नाही आणि त्याला मिल्वॉकीला पाठवून मोकळी झाली. हे धैर्य कराराच्या लांबीतून आलं होतं, कारण लिलार्डची चार वर्षं बाकी होती. किंग्जकडे तेवढी दोरी नव्हती. म्हणून वेळ त्यांनी अगदी बरोबर साधली, यात शंका नाही. पुढे ऑगस्टमध्ये फॉक्सने स्पर्सशी चार वर्षांचा करार केला. त्याला सॅक्रॅमेंटोत राहायचं नव्हतं हे उघडच होतं.

चुकलं ते खरेदीत. लव्हीन त्या मोसमात शिकागोसाठी सामन्याला २४ गुण करत होता, नेम अप्रतिम, हे सगळं मान्य. पण त्याचा करार बघा. २०२५-२६ चे ४.६० कोटी, आणि २०२६-२७ चे ४.९० कोटी घ्यायचे की सोडायचे हा निर्णय खेळाडूच्या हातात. फॉक्सपेक्षा तो जवळपास तीन वर्षांनी मोठा. शिवाय किंग्जकडे डेमार डीरोझन आधीच होता. हीच जोडी शिकागोत तीन मोसम एकत्र खेळली आणि प्लेऑफला एकदाच पोहोचली, तीही पहिल्याच फेरीत बाद. जे तिथे चाललं नाही ते सॅक्रॅमेंटोत का चालावं? त्यात फॉक्स गेल्यावर मलिक मंककडे पॉइंट गार्डचं काम आलं, जे त्याचं मूळ काम नाही. किंग्ज ४०-४२ वर थांबले आणि प्ले-इनच्या (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या लढतींच्या) पहिल्याच सामन्यात डॅलसकडून घरच्या कोर्टावर हरले.

मनाला जास्त लागतं ते याआधीचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच किंग्जनी टायरीस हॅलिबर्टन पेसर्सला दिला आणि डोमांतास साबोनिस आणला. तेव्हाचा युक्तिवाद असा, की फॉक्स आणि हॅलिबर्टन दोघेही पॉइंट गार्ड, एकच ठेवता येईल. त्या सौद्यानंतरच्या मोसमात ४८ विजय मिळाले, १६ वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपला. तेव्हा तो बरोबरच वाटला होता. तीन वर्षांनी मात्र दोघांपैकी एकही उरला नाही, आणि हॅलिबर्टनची पेसर्स २०२५ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढली.

पेसर्सकडे साबोनिस आला कुठून? २०१७ मध्ये पॉल जॉर्जने पुढच्या वर्षी जाणार असं कळवल्यावर, एकच वर्ष हातात असताना, त्यांनी त्याला ओक्लाहोमा सिटीला देऊन व्हिक्टर ओलाडिपो आणि साबोनिस घेतले. त्या वेळी सगळ्यांनी पेसर्सला वेड्यात काढलं होतं. पण त्यांनी ताऱ्याच्या बदल्यात दुसरा महागडा तारा घेतला नाही. अजून घडत असलेले दोन तरुण घेतले. त्यातलाच एक २०१९ मध्ये वरळीला पेसर्सच्या टीममध्ये होता, आणि त्याच्याच बदल्यात पुढे हॅलिबर्टन मिळाला.

किंग्जना असं काही मिळालं असतं का? हे तपासायला तेव्हाच्या आकड्यांवर एक सौदा मांडून बघा. लव्हीन आणि शिकागो दोन्ही काढा. स्पर्सचा डेव्हिन वसेल (त्या मोसमात २.९३ कोटी) आणि दोन पिक, बदल्यात फॉक्स. २.९३ अधिक ०.७७ म्हणजे ३.७० कोटी. फॉक्स सहज आत. किंग्जच्या बाजूनेही येणारा पगार कमी. मशीन खळखळ न करता हिरवी खूण देईल, आणि वसेल फॉक्सपेक्षाही लहान. पण वसेल किंवा नुकताच ड्राफ्ट केलेला स्टेफॉन कॅसल स्पर्स का देतील? फॉक्सला सॅन अँटोनियोलाच जायचंय, हे त्यांनाही ठाऊक होतं. दुसरी टीम चढा भाव लावणार नाही, कारण फॉक्स तिथे करार वाढवेल याचा भरवसा नाही. पुढच्या खेपेस सौद्यांच्या डेडलाइनला, आपल्याकडच्या रात्री दीड वाजता, कोणी असा हिरवा सौदा दाखवला तर त्याला हाच प्रश्न विचारा: समोरची टीम हे का देईल? इथे स्पर्सना ‘नाही’ म्हणून स्वस्थ बसून राहायचं होतं, बाकी काही करायची गरजच नव्हती.