प्रोजेक्टला फ्रेंच राज्यक्रांती घ्यायची की औद्योगिक क्रांती?
फ्रेंच राज्यक्रांती घेतली तर गोष्ट आयती मिळते, 14 जुलै 1789 ला लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग घेतला, 1793 ला राजा सोळाव्या लुईला गिलोटिनवर (मुंडकं उडवायच्या यंत्रावर) चढवलं, लिहायला सोप्पं, पण सगळे तेच लिहितात ना. औद्योगिक क्रांतीत अशी एक तारीखच नाही, जेम्स वॅटचं वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट 1769 चं, रिचर्ड आर्कराइटची इंग्लंडमधल्या क्रॉमफर्डची सूतगिरणी 1771 ची, सगळं हळूहळू. पण साधी माणसं तिथंच दिसतात बघा, 1833 चा ब्रिटिश फॅक्टरी कायदा वाचा, 9 वर्षांखालच्या पोरांना बहुतेक कापडगिरण्यांत ठेवायचं नाही हे कायदा करून सांगावं लागलं, म्हणजे आधी काय चालत असेल! शिवाय समाज आणि बिझनेस दोन्ही यात येतं. मी तर हाच घ्या म्हणेन, फक्त बालमजुरी किंवा कामाचे तास एवढंच धरा.