पुण्याचा ख्रिस्ती इंटरनेट रेडिओ, काही महिने ऐकल्यावर: माणसांना पाच तारे, जिंगलला शून्य

अ‍ॅप कसं उतरवायचं वगैरे विचारू नका, ते सगळ्यांना येतं. रेडिओचं नावही लिहीत नाही. खाली बरीच तक्रार आहे, आणि ही मंडळी रविवारी उपासनेला माझ्या पुढच्याच बाकावर बसतात.

मुद्दा जिंगलचा. दर अर्ध्या तासाला कीबोर्डवरची तुतारी, मग टाळ्या, मग "ऐकत राहा!" पाळकसाहेबांची सकाळची प्रार्थना इतकी हळू येते की स्पीकरचा आवाज पूर्ण वर न्यावा लागतो. आमेन जेमतेम ऐकू येतं आणि त्याला लागूनच ती तुतारी दणकते. पहाटे साडेपाचला! आई दचकते. वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये विचारतात, "काय, आज वरात लवकर निघाली का?"

बाकी तक्रार नव्हती. 64 केबीपीएसवर तासाला साधारण 29 एमबी जातात, म्हणजे आईचा रेडिओ दिवसभर चालला तरी रोजच्या दीड जीबीतून माझं क्रिकेट सुटत नाही. जुना फोन, जुना स्पीकर, नवा खर्च शून्य. तरी मी तेव्हा तीन तारे दिले होते, ते जिंगलमुळे.

लेंतात (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) मात्र डोकं फिरलं. संध्याकाळी निधनवार्ता असतात. आईचा खरा कार्यक्रम तोच. प्रवचनाला डुलकी लागते, पण "कोण गेलं" याला ती चष्मा लावून बसते (रेडिओला चष्मा कशाला, हे विचारायची माझी हिंमत नाही). त्या दिवशी तिच्या ओळखीच्या एका बाईंचं नाव आलं. अंत्यविधी उद्या सकाळी दहाला, आणि दफनभूमीचं नाव येणार तेवढ्यात तुतारी. टाळ्या. ऐकत राहा!

मी रागाने फोन लावला. उचलला एका निवृत्त शिक्षिकेने. सगळे त्यांना बाईच म्हणतात. तक्रार ऐकायच्या आधी, "सलाम. तू कुणाचा रे?" आईचं नाव सांगितल्यावर दफनभूमी सांगितली, आईची तब्येत विचारली आणि म्हणाल्या, "फोनवर काय ओरडतोस, येऊन बघ."

गेलो. स्टुडिओ म्हणजे चर्चच्या हॉलमागची खोली. भिंतींना गाद्या उभ्या लावल्यात, एकीवर अजून मांडववाल्याचा शिक्का आहे. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. घोरपडीच्या बाजूने गाडीचा भोंगा आला की वाचणारा हात वर करून थांबतो आणि मग वचन पुन्हा पहिल्यापासून. आरोग्याचा कार्यक्रम करणारी सिस्टर रात्रपाळी संपवून तशीच आली होती. मधुमेहात पायाची काळजी कशी घ्यायची ते सांगताना मध्ये जांभई आली, तर हसून परत घेतलं. पगार कुणालाच नाही.

आवाज वरखाली का होतो तेही तिथे कळलं. प्रवचनं व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट होऊन येतात. कुणी पाळक अहिल्यानगरहून पाठवतात, कुणी केडगावहून, एकाने चक्क चालत्या गाडीत बोललेलं. जिंगल तेवढी बाहेरच्या स्टुडिओतून पैसे मोजून करून घेतलेली, त्यामुळे ती सगळ्यांच्या वर बोंबलते. मी एडिटिंग करणाऱ्या मुलाला म्हटलं, अरे, ऑडॅसिटी (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, त्यात लाउडनेस नॉर्मलायझेशन आहे, सगळ्या फाइली उणे 16 एलयूएफएसला, म्हणजे आवाजाच्या एकाच पातळीला आण, दोन मिनिटांचं काम. तो हिंजवडीला नोकरी करतो, घरी पोचायलाच नऊ वाजतात. म्हणाला, "दादा, माहितीये मला. पण पहाटे पाचला फाइल येते आणि साडेपाचला लावायची असते."

यावर काय बोलणार.

"एफएमवर का नाही आणत?" असं इथल्या कमेंटवाल्यांसारखं मीही विचारलं. खासगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थेला मिळत नाही. कम्युनिटी रेडिओ 2006 पासून स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला, पण साधारण शंभर वॅटची ताकद, तीस मीटरचा मनोरा, आणि धोरणात भर शेती, आरोग्य, शिक्षण यांवर. विद्यापीठाची विद्यावाणी 107.4 वर छान चालते, तो मामला वेगळा. दिवसभर प्रार्थना आणि भजनं लावायची तर इंटरनेटच. आई तरुणपणी शॉर्टवेव्हवर सेशेल्स बेटांवरून येणारं फेबा या ख्रिस्ती रेडिओचं हिंदी प्रसारण लावायची, खरखरीतून एकेक शब्द वेचत. ते 2003 मध्ये बंद झालं. त्या मानाने हे तर घरचंच. वाचणारा कुणाचा जावई ते तिला माहीत असतं.

भजनांसाठी मात्र मी हात जोडले. टिळकांची भजनं लागतात (पुण्यात खुलासा केलेला बरा: लोकमान्य नव्हे, ख्रिस्ती कवी नारायण वामन). ते 1919 मध्ये गेले, तेव्हा शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, आणि तयार रेकॉर्डिंग वाजवायचं तर परवानगी नि पैसे. यांच्याकडे पैसे नाहीत, म्हणून महिला मंडळाने आणि तरुण संघाने पेटी-तबल्यावर स्वतःच गाऊन घेतली. एका अभंगात तबलजी घाईत आहे, कडव्याच्या शेवटी बायका त्याला खेचून मागे आणतात. आईला नेमकं तेच आवडतं.

अपडेट: ईस्टरनंतर आवाज सुधारला. बाईंनी पाळकांना शाळेसारखी तारीख दिली. प्रवचन बुधवारपर्यंत, उशिरा आलेलं पुढच्या आठवड्यात, मग पाठवणारा कितीही मोठा असो. एका मोठ्या माणसाचं खरंच मागे ठेवलं म्हणतात. मुलाला फाइली सारख्या करायला वेळ मिळतो. निधनवार्तांनंतर आता दोन क्षण शांतता आणि मग संथ पेटी. तीनाचे चार तारे केले. पाचवा अडलाय कारण इतर वेळी जिंगल तीच आहे, फक्त हळू. मंडळी म्हणतात, पैसे घातलेत, एवढ्यात कशी टाकणार? हा युक्तिवाद मला पटतो, हीच पंचाईत आहे.

रविवारची लाइव्ह उपासना अजून जपून ऐका. ऑर्गन सुरू होताना आवाज कमी करा, शास्त्रपाठाला वाढवा.

देणगीबद्दल: क्यूआर कोड पाठवतात, पण मी पावतीशिवाय कुठेच पैसे देत नाही, देवाच्या कामालाही नाही. तसं सांगितल्यावर बाईंनी पावतीपुस्तक छापून घेतलं. पहिली पावती माझी, आणि तिच्यात आडनावच चुकलंय. दुरुस्त करून मागितली आहे. मिळाली की वर्षाचे एकदम भरणार.