औद्योगिक इमारतींतील रहिवासी आणि कौन्सिलपुढचे तीन मार्ग

लंडनच्या उत्तरेकडील हॅरिंगे बरोमध्ये, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेल्या शहराच्या एका प्रशासकीय विभागात, ओव्हरबरी रोड आणि ईड रोडच्या परिसरात कारखाने आणि गोदामे म्हणून बांधलेल्या इमारतींत अनेक वर्षांपासून माणसे राहत आहेत. एकाच छताखाली झोपण्याच्या खोल्या, सामायिक स्वयंपाकघर आणि कामाची जागा अशी त्यांची रचना असते आणि तिथे कलावंत, कारागीर आणि लंडनचे नेहमीचे भाडे न परवडणारी तरुण मंडळी एकत्र राहतात. यातले बरेचसे वास्तव्य नियोजन परवानगीशिवाय सुरू झाले. अशा वेळी काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार इंग्लंडमध्ये स्थानिक कौन्सिलकडे आहे, आणि कौन्सिलने तो कसा वापरला हे तपासण्याचे काम छाननी समितीकडे. या समितीवर नव्याने आलेल्या कौन्सिलरला, किंवा समितीपुढे आपले म्हणणे मांडू पाहणाऱ्या रहिवाशाला, कोणत्या धोरणाचा आग्रह धरावा हे ठरवायचे असेल तर त्याच्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात. नियोजन कायद्याखाली नोटीस काढून वापर थांबवणे, राहणीला धोरणात स्थान देऊन ती नियमित करणे, किंवा नियोजनाचा प्रश्न बाजूला ठेवून गृहनिर्माण आणि अग्निसुरक्षेच्या कायद्यांनी इमारत सुरक्षित करून घेणे.

तुलनेचा माझा निकष आधीच सांगून टाकतो. नियोजनाची नोटीस जमिनीच्या वापराविरुद्ध असते, माणसांविषयी ती काहीच बोलत नाही. म्हणून वर्षाकाठी किती नोटिसा निघाल्या यावरून कौन्सिलचे काम मोजणे चुकीचे आहे. प्रत्येक मार्गाच्या शेवटी तिथे झोपणारी माणसे कुठे असतील आणि तोवर किती सुरक्षित असतील, हेच पाहिले पाहिजे.

पहिला मार्ग १९९०च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याचा. नोटीस काढणे सक्तीचे नाही. कारवाई उचित आहे असे वाटले तरच कौन्सिल ती करते, आणि हा स्वेच्छाधिकारच देखरेखीचा खरा विषय आहे. नोटीस मालकाबरोबर जागा वापरणाऱ्यालाही बजावावी लागते आणि ती लागू होण्यापूर्वी किमान २८ दिवस द्यावे लागतात. त्या मुदतीत अपील दाखल झाले, तर निकाल लागेपर्यंत नोटीस स्थगित राहते. भाडेकरूलाही अपिलाचा हक्क असतो, आणि नोटीस पाळण्यासाठी दिलेला कालावधी फार कमी आहे हे एक कारणही त्याला अपिलात मांडता येते. मालकाने दारामागे ठेवून दिलेले पाकीट त्या २८ दिवसांत भाडेकरूच्या हाती पडलेच नाही, तर मात्र हा हक्क कागदावरच राहतो. नोटीस बजावल्याची नोंद आहे एवढ्यावर समितीने समाधान मानू नये. प्रत्येक खोलीतल्या माणसापर्यंत ती पोचली का, हे विचारावे.

या मार्गाविषयी एक समज दूर केला पाहिजे. नोटीस म्हणजे तातडीचा उपाय नव्हे. काम थांबवण्याची जी वेगळी नोटीस कायद्यात आहे, तिच्या आधारे इमारतीचा घर म्हणून चाललेला वापर थांबवता येत नाही, आणि तात्पुरत्या स्थगिती नोटिशीलाही हीच मर्यादा आहे. उद्या आग लागेल अशी इमारत असेल, तर नियोजन विभागाकडे बोट दाखवून उपयोग नाही.

उल्लंघनावर कारवाई करण्याच्या मुदतीचा हिशेबही बदलला आहे. इमारतीचा वापर एकाच कुटुंबाच्या घरासाठी बदलला, तर पूर्वी चार वर्षांनंतर कारवाई करता येत नसे आणि इतर वापरबदलांसाठी दहा वर्षांची मर्यादा होती. २०२३च्या कायद्यामुळे २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये सर्वांसाठी दहा वर्षे लागू झाली. त्या तारखेपूर्वी पूर्ण झालेल्या बदलांना मात्र जुनीच मुदत आहे. सामायिक राहणी आणि काम यांचा मिश्र वापर बहुधा आधीपासूनच दहा वर्षांच्या गटात मोडतो. वापर मुद्दाम लपवला असेल, तर मुदतीचा फायदा मिळेलच असे नाही. धान्यकोठारासारखे बाहेरून दिसणारे घर बांधल्याच्या वेल्विन हॅटफील्ड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तसा निर्णय दिला, आणि त्याच वर्षीच्या स्थानिक स्वराज्य कायद्याने लपवलेल्या उल्लंघनावर मुदतीनंतरही कारवाई करता यावी म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडून आदेश मिळवण्याची सोय केली. यावरून एक गोष्ट निघते: काहीच न करणे हाही कौन्सिलचा निर्णयच असतो, कारण घड्याळ चालू असते. फाइल ‘कारवाई उचित नाही’ असा शेरा मारून बंद झाली असेल, तर त्यामागची कारणे लेखी आहेत का हे पाहणे मला नोटिसांच्या संख्येपेक्षा कितीतरी महत्त्वाचे वाटते.

नोटीस पाळण्याची मुदत संपल्यावरही वापर चालू ठेवणे हा गुन्हा आहे, आणि दोष सिद्ध झाल्यास २००२च्या गुन्हेगारी उत्पन्न कायद्याखाली मालकाने मिळवलेले भाडे जप्त होऊ शकते. दाटीवाटीने माणसे भरून वर्षानुवर्षे पैसे कमावणाऱ्या मालकाविरुद्ध यासारखे परिणामकारक हत्यार दुसरे नाही. पण जप्त रकमेचा काही हिस्सा खटला चालवणाऱ्या कौन्सिललाही मिळतो, आणि इथे सावध राहायला हवे. वोकिंगहॅम कौन्सिलच्या एका खटल्यात, खटला भरण्याचा निर्णय या संभाव्य पैशाने प्रभावित झाला होता म्हणून कामकाज थांबवले गेले आणि अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ते कायम ठेवले. तो खटला गोदामातल्या राहणीचा नव्हता, पण खटला भरण्याच्या टिपणात उत्पन्नाचा उल्लेख आहे का, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक समितीने विचारण्याजोगा झाला आहे.

माणसांच्या बाजूने पाहिले तर हाच मार्ग सर्वात कठोर आहे. घर जाण्याची वेळ ५६ दिवसांवर आली की कौन्सिलने मदत सुरू केली पाहिजे, असे २०१७चा बेघरपणा कमी करण्याचा कायदा सांगतो. परंतु निवारा मिळवून देण्याची मुख्य जबाबदारी प्राधान्य गरज असलेल्यांपुरतीच आहे, म्हणजे मुले असलेली कुटुंबे, गरोदर स्त्रिया, आजारी किंवा अन्य कारणाने असुरक्षित व्यक्ती. गोदामात राहणारा धडधाकट तरुण सहसा त्यात बसत नाही. त्याला सल्ला आणि साहाय्य मिळते, घर मिळेल याची खात्री नसते.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण पुन्हा हॅरिंगेतच आहे. तिथल्या कौन्सिलने २०१७ मध्ये स्वीकारलेल्या विकास व्यवस्थापन आराखड्यात गोदामातील राहणीसाठी स्वतंत्र धोरण घातले. संपूर्ण जागेचा एकत्रित आराखडा असेल, त्यातून रोजगाराची जागा वाढत असेल आणि राहणीचा दर्जा योग्य राखला जात असेल, तर अशा प्रस्तावांना पाठिंबा द्यायचा, असे ते धोरण आहे. ज्याला वर्षानुवर्षे उल्लंघन म्हटले गेले, त्याला एक वेगळी राहणी म्हणून मान्यता देण्याचे धैर्य कौन्सिलने दाखवले, हे मी मनापासून महत्त्वाचे मानतो. न्यूयॉर्कने हे काम १९८२ मध्येच वेगळ्या रीतीने केले होते. तिथल्या लॉफ्ट कायद्याने ठरावीक काळात किमान तीन कुटुंबे राहत असलेल्या व्यापारी आणि कारखानी इमारतींतील रहिवाशांना संरक्षण दिले आणि इमारत निवासी मानकांना आणण्याची जबाबदारी मालकावर टाकली. रहिवासी राहत असतानाच दुरुस्ती करायची, हा त्या कायद्याचा गाभा आहे. इंग्लंडच्या नियोजन धोरणात तेवढे बळ नाही. धोरण अर्जाची वाट पाहते, आणि अर्ज करायचा की नाही हे मालक ठरवतो.

या मार्गाचा धोका एकत्रित आराखड्यातच दडलेला आहे. आराखडा मंजूर झाला की जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा मोह मालकाला होऊ शकतो, आणि नव्या इमारतीचे भाडे जुन्या रहिवाशाला परवडेलच असे नाही. शिवाय २०२१च्या लंडन आराखड्यात औद्योगिक जमिनीचे रक्षण करण्याची भूमिका आहे. शेजारी खरोखरच अवजड काम चालणारा कारखाना असेल, तर आवाज आणि धूर यांपासून बचाव करण्याची जबाबदारी त्याच आराखड्यानुसार नव्याने येणाऱ्या निवासी प्रस्तावावर असते, जुन्या कारखान्यावर नाही. अशा ठिकाणी नियमितीकरणाचा हट्ट धरणे रहिवाशाच्याही हिताचे नाही.

तिसऱ्या मार्गाकडे समित्यांचे सर्वात कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच व्हायला हवी. २००४च्या गृहनिर्माण कायद्याखाली कौन्सिल २९ प्रकारच्या धोक्यांसाठी घराची तपासणी करू शकते. वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसे स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामायिक वापरत असतील, तर सामान्यतः परवाना लागतो, आणि तीन मजल्यांची जुनी अट १ ऑक्टोबर २०१८ पासून निघाली आहे. इमारतीला निवासी नियोजन परवानगी नाही म्हणून हा कायदा थांबत नाही, आणि परवाना दिल्याने नियोजन परवानगीही आपोआप मिळत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे अधिकाऱ्यांकडून समितीपुढे स्पष्ट वदवून घ्यावे, कारण ‘परवाना दिला तर आपण वापर मान्य केल्यासारखे होईल’ या भीतीने तपासणी टाळली जाऊ शकते. धोका गंभीर असेल तर तातडीचा मनाई आदेश देऊन वापर लगेच थांबवता येतो, म्हणजे नियोजनाच्या नोटिशीला जे जमत नाही ते इथे जमते. एवढेच नव्हे, १९७३च्या भूमी भरपाई कायद्यानुसार मनाई आदेशामुळे विस्थापित झालेल्या रहिवाशाला दुसरीकडे योग्य जागा मिळत नसेल, तर त्याची सोय करण्याचे कर्तव्य कौन्सिलवर येऊ शकते. नियोजनाच्या नोटिशीमागे असे कर्तव्य उभे नसते.

ही तपासणी टाळली तर काय होते, हे अमेरिकेतल्या ओकलंड शहराने २ डिसेंबर २०१६ रोजी पाहिले. राहण्यासाठी परवानगी नसलेल्या, तरीही माणसे राहत असलेल्या ‘घोस्ट शिप’ या गोदामात कार्यक्रम सुरू असताना आग लागली आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. तिसऱ्या मार्गाची उणीव एवढीच की तो राहणीला कायदेशीर स्थैर्य देत नाही. सुरक्षित झालेल्या खोलीवर नोटिशीची टांगती तलवार तशीच राहते.

देखरेख कोणत्या व्यासपीठावर करायची, हेही ठरवावे लागते. नियोजन अंमलबजावणी हे मंत्रिमंडळासारख्या कार्यकारिणीचे काम नाही, ते कौन्सिलच्या नियामक कामात मोडते. त्यामुळे कार्यकारिणीचा निर्णय परत मागवण्याचा छाननी समितीचा नेहमीचा अधिकार इथे चालत नाही. समिती धोरण, मनुष्यबळ आणि कामाची पद्धत यांवर अहवाल देऊ शकते, अधिकाऱ्यांना बोलावू शकते आणि शिफारशींवर दोन महिन्यांत उत्तर मागू शकते. एका विशिष्ट इमारतीचे भवितव्य मात्र नियोजन समिती किंवा अधिकार सोपवलेले अधिकारीच ठरवतात. तक्रार एकाच प्रकरणाची असेल, तर कौन्सिलची अंतर्गत प्रक्रिया संपवून सहसा बारा महिन्यांच्या आत स्थानिक शासन लोकपालाकडे जाता येते. तिथे निर्णय कसा घेतला गेला हे तपासले जाते, निर्णय बरोबर होता का हे नाही.

माझा कल असा आहे. शेजारी अवजड उद्योग असेल, किंवा मालकाने नुकतीच इमारत खोल्यांत कापून भाडेकरू भरायला सुरुवात केली असेल, तर पहिला मार्ग लवकर धरावा, कारण उशीर झाला की विस्थापित होणाऱ्यांची संख्या वाढते. वस्ती जुनी असेल, काम आणि राहणी खरोखर एकत्र नांदत असतील, तर दुसरा मार्ग योग्य आहे, पण आजच्या रहिवाशांच्या परतीची आणि भाड्याची अट लेखी असल्याशिवाय त्याला पाठिंबा देऊ नये. दोन्ही बाबतीत तिसऱ्या मार्गातली तपासणी आधी व्हावी. छाननी समितीला एकच शिफारस करता येणार असेल, तर ती अशी असावी: औद्योगिक इमारतीतील वास्तव्याविरुद्धच्या प्रत्येक नोटिशीच्या प्रस्तावाला गृहनिर्माण विभागाची आणि अग्निशमन दलाची नोंद जोडलेली असावी, आणि तिथे किती माणसे राहतात, त्यांत मुले किती, आणि नोटीस पाळण्याची मुदत संपल्यावर ती कुठे जाणार, हे त्यात लिहिलेले असावे.