आठ महिने नाइटली बिल्डवर: डीटीपीच्या दुकानातला अनुभव

नागपूरला महाल भागात माझं छोटंसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बायोडाटा, वास्तुशांतीची कार्डं, निवडणूक आली की पॅम्फ्लेट, आणि हे सगळं ओपन सोर्सवर, कारण चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं नाही हे एकदा ठरवून टाकलं होतं. आठ महिन्यांआधी भाच्याच्या नादी लागून मागच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सगळ्याचंच टेस्टिंगवालं टाकलं. डेबियन (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टेस्टिंग, फायरफॉक्स नाइटली, क्रिटा (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) नेक्स्ट, आणि पानं लावायच्या सॉफ्टवेअरचं रोजचं बिल्ड, ह्या शेवटच्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. काउंटरवरच्या मशीनवर मात्र डेबियन स्टेबल, म्हणजे तपासून सोडलेलं व्हर्जन, तिला हात लावला नाही, आणि आज वाटतं तेवढीच एक अक्कल शाबूत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाइटली म्हणजे, डेव्हलपर लोकं दिवसभर जो कोड टाकतात त्याचं रात्री मशीन आपोआप सॉफ्टवेअर बांधून ठेवते, सकाळी डाउनलोडला तयार. कोणी माणसाने उघडून बघितलं असेलच असं नाही, पहिले बघणारे आपणच. फायरफॉक्स नाइटली तर दिवसातून दोनदा नवीन येतो. त्याचं स्टेबल साधारण चार आठवड्यांनी येतं, आणि डेबियनचं स्टेबल दोन वर्षांनी, 13 नंबरचं 9 ऑगस्ट 2025 ला आलं. मधे टेस्टिंग असतं, म्हणजे पॅकेज (एखादं सॉफ्टवेअर) आधी सिडमध्ये, डेबियनच्या सगळ्यात कच्च्या फांदीत, पडतं, काही दिवस मोठा बग, म्हणजे चूक, कोणी सांगितला नाही की टेस्टिंगमध्ये सरकतं.

पहिले दोन महिने मजाच मजा. रोज सकाळी चहासोबत काय नवीन आलं ते बघायचं, एखादं बटण इकडचं तिकडे गेलं की भाचा खूश. क्रिटा चारपाच वेळा बंद पडला असेल, पण मी त्यात गणपतीच्या डिझाइनवर प्रयोगच करत होतो, गेलं तर गेलं.

मग लग्नसराई लागली. काउंटरवर गर्दी, एक मशीन पुरेना, म्हणून एक पत्रिका मागच्या मशीनवर लावली. उमरेडचे एक काका होते, मुलीचं लग्न, 300 पत्रिका. मजकूर भाच्याने टाइप केला, मी पीडीएफ काकांच्या व्हॉट्सअपवर पाठवली, त्यांनी तारीख आणि नावं बघून अंगठा पाठवला, मी प्रेसला दिली. छापून आल्यावर काकांच्या वडिलांनी, वय असेल पंच्याऐंशीच्या पुढे, चष्मा वर करून पहिलीच पत्रिका वाचली आणि म्हणाले, "काय हो दादा, हे 'वर्हाडी मंडळी' काय लिहून राह्यले तुम्ही?" भाच्याने स्क्रीनवर झूम केलं, "मामा, हे काय होऊन राह्यलं? मी तर बरोबर टाइप केलं होतं!" आणि खरंच केलं होतं. विदर्भातल्या माणसाच्या पत्रिकेत वऱ्हाडी शब्द चुकणे, याहून वाईट काय असणार. नव्याने छापून दिल्या, पैसे अर्थातच माझे.

झालं असं होतं. आपला ऱ्ह, ऱ्य मधला हा जो आडवा र आहे तो कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर खाली टिंब असलेला वेगळा र आणि हलंत, नाहीतर साधा र, हलंत आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडाक्षराचं चिन्ह, झेडडब्ल्यूजे म्हणतात त्याला. आमचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा. त्या टेस्ट बिल्डमध्ये पेस्ट करताना ते न दिसणारं चिन्ह गळून जात होतं, आणि मग र सरळ रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. नशीब, जेवणाच्या मेनूमध्ये नव्हतं झालं, नाहीतर आचाऱ्याला द्यायचे पैसे आचार्याला गेले असते.

मला फाइल, झिप काहीच डिलीट न करायची सवय आहे, घरी त्यावरून बोलणी बसतात, पण इथे कामी आली. 3 तारखेच्या बिल्डमध्ये तोच मजकूर बरोबर येत होता, 22 च्या बिल्डमध्ये चुकत होता. मग मधलं 12 चं उघडलं, ठीक. 17 चं चुकलं. 14 ठीक, 15 ठीक, 16 चुकलं. पाच वेळात कळलं की 15 आणि 16 च्या मधे कोणीतरी काहीतरी हलवलं. फायरफॉक्ससाठी तर हे अर्धं अर्धं करत शोधायचं तयार टूलच आहे, मोझरिग्रेशन नावाचं. एका ओळीची फाइल, दोन स्क्रीनशॉट आणि ह्या दोन तारखा असा बग टाकला, म्हणजे डेव्हलपर लोकांकडे तक्रार लिहिली. दोन दिवसात दुरुस्ती झाली, तिसऱ्या सकाळच्या बिल्डमध्ये शब्द बरोबर! मी आणि भाचा दोघं बघतच राहिलो. कारण याच सॉफ्टवेअरच्या स्टेबलमध्ये मी एक वेगळा बग टाकला होता, त्याला उत्तर आलं होतं की दुरुस्ती पुढच्या रिलीजला जाईल, आणि ते त्यांच्या बाजूने बरोबरच आहे, जे चालू आहे ते सारखं हलवत बसले तर त्याला स्टेबल कोण म्हणेल. तिथे पण बग असतातच, फक्त ते ओळखीचे असतात, कुठून वळसा घालायचा हे माहीत असतं. नाइटलीवर मात्र काल केलेला बदल डेव्हलपरच्या डोक्यात अजून ताजा असतो, तेव्हा सांगितलं तर लगेच हात लागतो.

मार्च 2024 चं एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर) प्रकरण आठवत असेल. त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जनमध्ये कोणीतरी मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, ठेवून दिलं होतं. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस ह्या डेटाबेसचा डेव्हलपर डेबियन सिडवर स्पीड मोजत होता, एसएसएच (दुरून मशीनमध्ये जायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत गेला आणि ते सापडलं. तोवर ते सिड आणि टेस्टिंगमध्ये येऊन बसलं होतं, डेबियन स्टेबलमध्ये पोचलं नव्हतं. म्हणजे माझ्या काउंटरची मशीन सुरक्षित राहिली ती सिड चालवणाऱ्या लोकांच्या जिवावर.

तरी गिऱ्हाइकाचं काम टेस्ट बिल्डवर? नाही, आता मुळीच नाही. आणि चूक त्या सॉफ्टवेअरची कमी, माझी जास्त, वापरू नका असं पहिल्याच स्क्रीनवर लिहिलेलं असतं. अजून एक त्रास, नाइटलीत सेव्ह केलेली फाइल कधीकधी स्टेबलमध्ये उघडतच नाही, त्यामुळे मागच्या मशीनवर नेहमी कॉपीच न्यायची. फायरफॉक्स प्रोफाइलचं पण तसंच, नवीन व्हर्जनमध्ये चालवलेली प्रोफाइल जुन्यात उघडायला गेलं की तो अडवतो, नाइटली आपली प्रोफाइल वेगळी ठेवतो तीच राहू द्या. क्रिटाला मी नेक्स्टवरून प्लसवर आणलं, त्यात स्टेबलच्याच फांदीवरच्या दुरुस्त्या रोज मिळतात, नवीन उद्योग नसतात. रोजच्या वापराला तेच बरं पडतं.

आता प्रत्येक नवीन बिल्डमध्ये आधी एक फाइल उघडतो. वऱ्हाडी, दऱ्या, दर्या, आचाऱ्यास, आचार्यास, सुट्ट्या, ज्ञानेश्वर असे दहा शब्द, पेस्ट करायचे, पीडीएफ काढायची, बघायची. भाच्याने परवा अकरावा टाकला, तर्री. मी म्हटलं हा काहून? तर म्हणे मामा, यात रफारच पाहिजे, त्यांनी दुरुस्तीच्या नादात सगळेच र आडवे केले तर?