मुलांचे गैरसमज तपासून घडवलेले पाठ : लंडनमधील होलोकॉस्ट शिक्षण केंद्राची सेवा

ज्यूद्वेषाविरुद्ध शाळेत काय शिकवावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मुलांच्या मनात आधीपासून काय बसले आहे हे तपासून मगच पाठ घडवणारे थोडेच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या होलोकॉस्ट शिक्षण केंद्राचे शिक्षक प्रशिक्षण आणि पाठसाहित्य मला मोलाचे वाटते ते याचसाठी. होलोकॉस्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने केलेला ज्यूंचा संहार.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात होलोकॉस्ट हा विषय १९९१ पासून आहे. तरीही २००८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने २०१६ साली सुमारे आठ हजार विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतल्या ६८ टक्के मुलांना ज्यूद्वेष म्हणजे काय हेच ठाऊक नसल्याचे आढळले. म्हणजे ज्यूंची हत्या झाली हे मुले शिकत होती, पण ती ज्यूंचीच का झाली, हा प्रश्न वर्गात नीट पोहोचतच नव्हता. बहुतेकांच्या लेखी सारा दोष प्रामुख्याने हिटलरचा होता, आणि सुमारे एक तृतीयांश मुलांना तर ब्रिटन या हत्याकांडामुळेच युद्धात उतरला असे वाटत होते.

केंद्राचे पाठ नेमके या गैरसमजांना भिडतात. ज्यूद्वेषाची शतकानुशतकांची मुळे उलगडण्यासाठी स्वतंत्र पाठ आहे आणि युद्धापूर्वीच्या युरोपातले ज्यूंचे जीवनही शिकवले जाते. हे फार आवश्यक आहे, कारण ज्यू माणूस वर्गात केवळ बळी म्हणून आला, तर मुलांना त्याच्याविषयी दया वाटेल, पण त्याची ओळख होणार नाही. एका पाठाची सुरुवात लहान मुलाच्या एकाच बुटाने होते. मुले आधी तो निरखतात, त्याविषयी तर्क करतात आणि मग तो ऑशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीत सापडल्याचे त्यांना कळते. प्रेतांची छायाचित्रे दाखवून मुलांना हादरवण्यापेक्षा ही पद्धत मला कितीतरी अधिक जबाबदार वाटते.

ब्रिटनविषयीचा गैरसमज दूर करायला १७ डिसेंबर १९४२ हा दिवस उपयोगी पडतो. ज्यूंच्या संहाराचा निषेध करणारे दोस्त राष्ट्रांचे निवेदन त्या दिवशी ब्रिटिश संसदेत वाचले गेले. युद्ध तेव्हा तीन वर्षांचे झाले होते, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा क्रम मुलांना स्वतःच लावता येतो.

मात्र एवढ्याने आजचा ज्यूद्वेष आपोआप कळेल असे मानू नये. समाजमाध्यमांवरच्या कटकारस्थानांच्या कथांना उत्तर द्यायचे, तर त्यासाठी वेगळ्या तासिका हव्यात. इंग्लंडमधील सरकारी शाळांच्या शिक्षकांना हे प्रशिक्षण मोफत मिळते. मुख्याध्यापकांनी इतिहासाच्या शिक्षकांना त्यासाठी कामातून मोकळीक द्यावी आणि नंतर हे पाठ घाई न करता घेता येतील एवढी जागा वेळापत्रकात ठेवावी.